दोन टेबलांचं वर्कशॉप

मी केशवरावांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या टेबलाचा वास घेत होते.

मी नाशिकहून बदली होऊन मैसूरला आले होते आणि बोगादीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. टेंपोतून सामान उतरत होतं. गेटपाशी माझं टेबल उलटं टाकलेलं, आणि सत्तरीकडे झुकलेला एक उंच, सडपातळ माणूस गुडघ्यांवर बसून, टेबलाच्या पायाला नाक लावून, डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"शिसवी म्हणून सांगितलं काय कुणी?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"शिसवीच आहे. आमच्या आजोबांचं टेबल आहे ते."

"आंबा," ते उठत म्हणाले. गुडघ्यांवरची धूळ झटकली. "वरून रंग दिलाय. छान दिलाय, अल्वा, नाही काय? पण आत आंबा. असू दे मेडम, आंबा काही वाईट नसतो."

मला इतका राग आला की मी त्याच संध्याकाळी नाशिकला बाबांना फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस."

तर असे आमचे घरमालक. लाकूड दिसलं की त्याला नाक लावल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. लग्नाच्या मांडवात खुर्ची, दवाखान्यात दार, देवळात रथाचं चाक. एकदा माझ्या ऑफिसात कसलासा कागद द्यायला आले आणि आमच्या साहेबांच्या भल्याथोरल्या टेबलाशी वाकून म्हणाले, "भुसा आहे सार. भुसा दाबून वरून चित्र चिकटवलंय." साहेब दोन दिवस त्या टेबलावर हात ठेवून बसत नव्हते.

केशवरावांचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. कापड रंगवणं, लाकडी ठशांनी त्यावर नक्षी छापणं हा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग. किती पिढ्यांपूर्वी मैसूरला आले ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कानडी अशी मिसळलेली की मला पहिले सहा महिने निम्मं वाक्य कळायचं आणि निम्मं त्यांच्या हातवाऱ्यांवरून लावावं लागायचं. "सुम्ने" हा त्यांचा लाडका शब्द. सुम्ने म्हणजे उगीच, सहज, काही कारण नाही असं. कुठं निघालात? सुम्ने. हे काय बनवताय? सुम्ने. जी गोष्ट सांगायची नसे तिच्यावर ते हा शब्द झाकणासारखा ठेवून देत.

घरातला रंगाचा उद्योग वडिलांबरोबरच संपला. केशवराव एका पंपांच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथं लाकडाचे साचे करत राहिले. लोखंडाचा कुठलाही ओतीव भाग करायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवतात. तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं आणि शेवटी बोट वर करून म्हणाले, "जगात जे जे लोखंडाचं बघता ना मेडम, ते आधी लाकडाचं होतं. लोक विसरतात."

लोकांनी विसरू नये म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या एकेका धातूच्या वस्तूला लाकडाचा जुळा भाऊ करायला घेतला होता. लाकडाचा नळ. लाकडाचं कुलूप, किल्लीसकट, आणि ते खरोखर लागायचं. लाकडाची कुकरची शिट्टी. काकूंच्या स्वयंपाकघरात लाकडाची किसणी होती, तिनं काही किसलं जायचं नाही, पण ती टांगलेली असायची, कारण केशवराव रोज तिच्याकडे बघायचे.

त्यांच्याकडे एक पट्टी होती. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा किंचित मोठा करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी हिशोब नको म्हणून साचे करणारे एक खास पट्टी वापरतात, जिचा इंचच मुळात जरा मोठा असतो. केशवराव सगळं जग त्याच पट्टीनं मोजायचे. माझ्या पडद्यांचं कापड त्यांनी हौसेनं त्याच पट्टीनं मोजून कापलं आणि मी तसे पडदे शिवून आणले, तर ते जमिनीला घासायला लागले. "आकसतील," ते शांतपणे म्हणाले. पडदे काही आकसले नाहीत.

हे सगळं काम चालायचं जिन्याखाली. माझ्याकडे वर येणाऱ्या जिन्याच्या पोटात चार फूट बाय सहा फुटांची जागा होती. तिथं एक फळी, वर एक बल्ब, भिंतीला रंधे, करवती, कोरायच्या पटाश्या. ते आत शिरले की दार उघडंच ठेवावं लागे, कारण कोपरं बाहेर यायची. लांब लाकूड कापायचं असलं तर त्याचं दुसरं टोक अंगणात जायचं आणि दूधवाला सवयीनं त्यावरून पाय उचलून जायचा.

कमलाकाकू, त्यांच्या पत्नी, या सगळ्याला कधीच काही बोलत नसत. ठेंगण्या, हसऱ्या, हातात सतत काहीतरी निवडायला घेतलेलं. त्यांना मुलं नाहीत. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हाला या ठोकाठोकीचा कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "आवाज बंद झाला की येतो."

आणि मागच्या वर्षी एका सकाळी केशवराव माझ्याकडे वर आले, नेहमीसारखे दारातच थांबले आणि म्हणाले, "मेडम, वर्कशॉप मोठं करायचंय."

"वा! कुठे? गच्चीवर?"

"हॉलमध्ये."

मला वाटलं, चेष्टा आहे. हॉल म्हणजे काकूंचं राज्य. तिथं त्यांचा सोफा, टीव्ही, दसऱ्याच्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्या, त्यांच्या माहेरची काचेची कपाटं. अठरा फूट बाय बारा फुटांची ती खोली घरातली एकमेव मोठी खोली. मी खाली गेले. काकू टीव्हीची वायर गुंडाळत होत्या.

"काकू, तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"आणि पाहुणे आले तर?"

"आमच्याकडे कोण येतं गं वैजू?" त्या म्हणाल्या. ते त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी वायरचं दुसरं टोक हातात घेतलं. पण खरंच, त्या घरात पाच वर्षांत मी एकही नातेवाईक पाहिला नव्हता. एवढं जुनं गाव, एवढी माणसं, आणि हे दोघं कुठल्या लग्नाला जात नसत की बारशाला. मी धरून चालले होते की लाकूड हुंगत फिरणाऱ्या माणसाला बोलवायची लोकांना धास्ती वाटत असेल.

सोफा काकूंच्या झोपायच्या खोलीत गेला आणि तिथं दुसरं काही राहिलं नाही. टीव्ही कपाटावर चढला. बाहुल्यांच्या पायऱ्या माझ्याकडे वर आल्या. रिकाम्या हॉलच्या मधोमध केशवराव दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले आणि चार दिवस नुसते उभेच राहिले.

पाचव्या दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यंत्रं, टेबलं, कपाटं खऱ्या मापात कापली. लेथ केवढी, रंध्याचं टेबल केवढं, धार लावायचा दगड कुठं. ते कागद जमिनीवर पसरायचे आणि त्यांच्यामधून चालून बघायचं. मला बोलावलं. "चला मेडम, या दारातून आत या. हातात आठ फुटी फळी आहे समजा." मी हात पसरून, नसलेली फळी घेऊन, कागदांमधून वळायचे. "थांबा! लागली! लेथला लागली!" ते ओरडायचे. मग लेथ सहा इंच सरकवायची. महिनाभर दर रविवारी सकाळी मी त्या घरात अदृश्य फळ्या वाहिल्या आहेत.

त्या कागदांत कामाची टेबलं दोन होती. सुतारकामाचं भक्कम टेबल, ज्याच्या कडेला लाकूड आवळून धरायला वाइस असतो, तशी दोन. एक खिडकीच्या डावीकडे, एक उजवीकडे.

"दुसरं कशाला काका? जागा अडतेय."

"सुम्ने."

टेबलं त्यांनी स्वतः केली, होन्नेच्या, म्हणजे आपल्या बिबळ्याच्या, लाकडाची. तीन महिने लागले. पहिलं नेहमीसारखं. दुसरं झालं तेव्हा मी बघायला गेले आणि मला काहीतरी खटकलं. पहिल्याचा वाइस डाव्या टोकाला होता, याचा उजव्या. पहिल्याच्या भिंतीवर पटाश्या उजव्या हाताला, इथं डाव्या. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा त्यांनी भिंतीवर पांढऱ्या रंगानं काढली होती, म्हणजे कुठलं हत्यार कुठं ते कळावं. दुसऱ्या भिंतीवर त्याच रेषा, पण आरशात पाहून काढल्यासारख्या उलट्या.

"काका, हे उलटं झालंय का?"

"झालं असेल," म्हणाले आणि कानस घासत राहिले.

मी मनाशी म्हटलं, वय झालं. आणि इथं मी एक शहाणपणा केला. दिवे बसवायला मंजण्णा नावाचा इलेक्ट्रिशियन आला होता. केशवराव जवळच विजयनगरला स्क्रू आणायला गेलेले. मंजण्णानं विचारलं, दुसऱ्या टेबलाचा दिवा कुठल्या बाजूला? कागदावर उजवीकडे लिहिलं होतं. पण उजव्या बाजूनं उजेड आला तर काम करणाऱ्याच्या हाताची सावली कामावर पडते, एवढं महिनाभर फळ्या वाहून मलाही कळायला लागलं होतं. मी ठामपणे सांगितलं, डावीकडे लावा.

केशवराव परत आले. पिशवी हातातच. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मंजण्णा शिडीवरून आपणहून खाली उतरला.

"कुणी सांगितलं?"

"मी, काका. सावली पडेल म्हणून..."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ते ओरडले. पाच वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "सगळ्यांना सगळं कळतं! काय ठाऊक नाही, काय विचारायचं नाही, आणि आपलं ठोकून मोकळं! तसंच करतात माणसं! तसंच!"

शेवटचं वाक्य माझ्याशी बोलल्यासारखं वाटलं नाही. ते गर्रकन वळून जिन्याखालच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले, एका पालथ्या डब्यावर.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. कॉफी दिली. हिरव्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सुपात घालून माझ्यापुढं सरकवल्या, म्हणजे हात कामात राहतील. दोघी शेंगा सोलत बसलो.

"ते टेबल डावखुऱ्या माणसाचं आहे," काकू म्हणाल्या.

केशवरावांना एक धाकटा भाऊ आहे, हे मला तेव्हा कळलं. मुकुंदराव. बन्नीमंटपात राहतात, स्कूटरनं अर्ध्या तासावर. दोघांनाही लहानपणी आजोबांनी ठसे कोरायला शिकवलं. केशव उजव्या हाताचा, मुकुंद डाव्या. आजोबा दोघांना समोरासमोर बसवायचे, मध्ये एक दिवा, आणि म्हणायचे की मला एका कामाला दोन हात मिळालेत.

वडील गेले तेव्हा आजोबांनी कोरलेले तीन पोती ठसे मुकुंदरावांच्या माळ्यावर राहिले. आईही त्यांच्याकडेच राहायची. केशवराव निवृत्त झाले आणि पहिल्या आठवड्यात ठसे बघायला गेले. माळा रिकामा. मुकुंदराव म्हणाले, नाहीत. कुठं गेले? नाहीत म्हणजे नाहीत. शेवटी शेजारणीकडून केशवरावांना कळलं की ते पाणी तापवायच्या बंबात जळाले.

"पुढच्याच महिन्यात नात्यातलं लग्न होतं," काकू म्हणाल्या. "भर जेवणाच्या पंगतीत ह्यांनी मुकुंदाला उभं केलं. म्हणाले, आजोबांची हाडं तू चुलीत घातलीस, तुझ्या हाताला कोड फुटेल. असं बोलले गं, पाचशे माणसांसमोर. मुकुंद काही बोलला नाही. पानावरून उठला आणि गेला. तेव्हापासून आम्ही कुठल्या कार्याला गेलो नाही. ह्यांना त्याचं तोंड बघायचं नव्हतं."

"आणि ठसे त्यांनी का जाळले?"

काकूंनी एक शेंग हातातच धरून ठेवली.

"त्यानं नाही जाळले. आमच्या सासूबाईंनी जाळले. चाळीस वर्षं त्या बाईनं उकळत्या रंगात कापड बुडवलं. बोटांची कातडी सोलून निघायची, जेवताना मीठ लागलं की रडायच्या. त्यांना ते ठसे डोळ्यांसमोर नको होते. एका थंडीत रोज दोन-दोन घातले बंबात. मुकुंदानं पाहिलं आणि अडवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, केशवाला सांगू नको, त्याचा जीव आहे त्यात. म्हणून नाही सांगितलं. त्या दिवशी लग्नात सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, वैजू. त्यासुद्धा काही बोलल्या नाहीत. त्याच वर्षी गेल्या."

ही गोष्ट काकूंना दोन वर्षांपूर्वी कळली होती, मुकुंदरावांच्या बायकोकडून, फोनवर. त्यांनी ती केशवरावांना त्याच दिवशी सांगितली. केशवरावांनी रंधा खाली ठेवला. किती तरी महिने जिन्याखाली नुसते बसून राहिले. आणि मग एक दिवस म्हणाले, वर्कशॉप मोठं करायला पाहिजे, हॉल देशील का?

मी हॉलमध्ये गेले आणि मंजण्णाला दिवा उजवीकडे लावायला सांगितलं. केशवराव जिन्याखालून बघत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी लाकडाचा एक चमचा ठेवलेला होता. तो त्यांचा माफीनामा होता, हे मला काकूंनी सांगितलं.

वर्कशॉप पुरं झालं, दोन महिने झाले, आणि दुसरं टेबल रिकामंच. केशवराव त्यावर काही ठेवू देत नसत. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचे. दोन-तीनदा इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटर काढून गेले आणि तासाभरात परत आले. एकदा म्हणाले, बन्नीमंटपाला दसऱ्याच्या संचलनाची तालीम चाललीय, रस्ता बंद आहे. एकदा म्हणाले, पेट्रोल कमी वाटलं. दसरा उलटून गेल्यावर तिसऱ्यांदा परत आले तेव्हाही रस्ता बंद होता.

मग एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. तोच इस्त्रीचा शर्ट.

"मेडम, तुमची गाडी आज रिकामी आहे काय?"

"आहे की. कुठं जायचंय?"

"सुम्ने," ते म्हणाले. मग त्यांनाच ते बरोबर वाटलं नसावं. "मुकुंदाकडे," म्हणाले.

काकूंना चला म्हटलं तर त्यांनी मान हलवली. गाडीत केशवराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. मुकुंदरावांच्या गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, इथंच थांबवा. मी गाडी दारापर्यंत नेली.

गेट उघडं होतं. ओट्यावर वेताच्या खुर्चीत एक माणूस ऊन खात बसला होता. केशवरावांसारखंच नाक, तसंच रुंद कपाळ. अंगावर शाल. आम्हाला पाहून तो उठला नाही.

"ओळगे बन्नि," तो म्हणाला. आत या. सख्ख्या भावाला, परक्याला म्हणतात तसं, कानडीत.

केशवराव पायरीपाशीच उभे राहिले. हातांचं काय करावं त्यांना कळत नव्हतं.

"हॉल मोकळा केलाय," ते म्हणाले.

"मग?"

"दोन टेबलं बसली. होन्नेची."

"बरं."

"दुसऱ्याचा वाइस उजव्या टोकाला लावलाय. दिवाही उजवीकडून आहे. सावली नाही पडत, मी बघितलं बसून."

मुकुंदरावांनी उजव्या हातानं अंगावरची शाल बाजूला केली. डावा हात मांडीवर पडला होता. बोटं आत वळलेली. उजव्या हातानं त्यांनी तो उचलला, थोडा वर धरला आणि सोडून दिला. तो होता तिथं पडला.

"दोन वर्षं झाली, अण्णा," ते म्हणाले. "झटका आला. पाय सुधारला. हा नाही."

मी केशवरावांकडे बघू शकले नाही. मी गेटपाशी असलेल्या तुळशीकडे बघत राहिले. ऐकू आलं ते एवढंच की केशवराव पायरी चढले आणि खाली फरशीवर बसले. खुर्चीशेजारी, लहान मुलासारखे.

"मी तुला काय काय बोललो रे," ते म्हणाले. "तुझ्या हाताला बोललो मी. ह्याच हाताला."

"तुझ्या बोलण्यानं झालं नाही. बीपीनं झालं. डॉक्टर सांगतात."

"आईनं जाळले ते मला ठाऊक झालंय, मुकुंदा."

"हं."

"तू पंगतीतून उठलास. एक शब्द बोलला असतास तर..."

"आई समोर बसली होती की," मुकुंदराव म्हणाले. मग म्हणाले, "होगली बिडण्णा." जाऊ दे. आणि उजवा हात पुढं करून त्यांनी केशवरावांच्या शर्टाची कॉलर उगाचच सरळ केली.

परतताना केशवराव गाडीत रडले. आवाज नव्हता. घरी आल्यावर मात्र सरळ स्वयंपाकघरात गेले.

"तुला ठाऊक होतं? त्याच्या हाताचं?"

काकू पोळी लाटत होत्या. "होतं."

"मी तीन महिने ते टेबल करत होतो. डाव्या हाताचं टेबल. आणि तू बघत होतीस?"

"त्यानं घातलेली शपथ होती," काकू म्हणाल्या. लाटणं थांबलं नव्हतं, पण पोळी कधीच पातळ झाली होती. "म्हणाला होता, वहिनी, अण्णा आला तर माझ्यासाठी येऊ दे, आजाऱ्याला बघायला नको. तुम्हाला हाताचं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन गेला असता. आणि पुन्हा कधी गेला नसता."

केशवरावांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "हॉल त्याच्यासाठी दिलास."

"नाही तर काय, तुमच्या लाकडी नळासाठी?"

पुढच्या गुरुवारी मुकुंदराव रिक्षानं आले. काठी टेकत हॉलभर फिरले. भिंतीवरच्या उलट्या रेषा पाहिल्या, दुसऱ्या टेबलावरून उजवा हात फिरवला, वाइसचा दांडा फिरवून बघितला. "छान चालतो," म्हणाले. केशवराव म्हणाले, "डाव्या टोकाला घेतो मी. अर्ध्या दिवसाचं काम. उजव्या हातानं शिकशील."

"पटाशी एका हातानं चालते होय? एकात पटाशी, एकात ठोकायची मोगरी. आजोबांनी काय शिकवलं तुला?"

मुकुंदराव लंगडत पहिल्या टेबलाकडे गेले. वाइसमध्ये एक चौकोनी ठोकळा आवळलेला होता. त्यांनी भिंतीवरची एक पटाशी उजव्या हातात घेतली, तिचं टोक ठोकळ्यावर टेकवलं आणि मान न वळवता म्हणाले, "मोगरी घे."

आता ते दर गुरुवारी येतात. आजोबांचा कोयरीचा ठसा आठवून आठवून कोरणं चाललंय. कोयरीच्या पोटात सात ठिपके होते की नऊ, यावर दोन गुरुवार गेले. एकानं पटाशी धरायची, दुसऱ्यानं मोगरी मारायची, असं सगळं काम. दोघं एकाच टेबलाला खांद्याला खांदा लावून उभे असतात. दुसरं टेबल मोकळंच असतं, त्याच्यावर काकू कॉफी आणून ठेवतात.

मागच्या गुरुवारी मला सुट्टी होती. मी दारातून बघत होते. मुकुंदरावांची बोटं पटाशीभोवती घट्ट आवळलेली, आणि त्या बोटांच्या दोन इंच वर केशवरावांची मोगरी. केशवराव इतक्या हळू मारत होते की पटाशी जागची हलत नव्हती.

"मार रे अण्णा जोरात," मुकुंदराव म्हणाले.

"मारतोय की."

"हे काय मारणं? अशानं संक्रांत उजाडेल. मार, लागत नाही मला."

"लागेल," केशवराव म्हणाले, आणि पुन्हा तसाच हलका ठोका दिला.